गुडघ्याच्या ऑपरेशनआधी स्वतःचं रक्त काढून ठेवावं का?

भातकापणी उरकली, दिवाळी झाली, की कोकणातल्या बऱ्याच घरांत राहून गेलेला विषय पुन्हा निघतो: आईच्या गुडघ्याचं काय करायचं? लावणीच्या चिखलात वाकून आणि डोक्यावर भारे घेऊन घाटी चढण्यात तिची पन्नास वर्षं गेलेली असतात. आता जिना उतरताना कळ येते, रात्री झोप लागत नाही. मुंबईहून मुलगा रजा काढून येतो. ऑपरेशन कुठल्या रुग्णालयात करायचं, रत्नागिरी, डेरवण, कोल्हापूर, गोव्यातलं बांबोळी की थेट मुंबईत परळ, यावर चर्चा होते आणि तारीख ठरते. मग डॉक्टर सांगतात, "दोन पिशव्या रक्ताची सोय करून ठेवा."

इथे घरातले बिचकतात. दुसऱ्याचं रक्त म्हटलं की आजार, जात, खाणंपिणं, सगळ्या शंका डोकं वर काढतात. मालवणी म्हातारी सरळच सांगते, "माका माझाच रगात होया, दुसऱ्याचा नको." आणि असं करता येतं, हे कुणीतरी कुठेतरी ऐकलेलं असतंच. ते ऐकलेलं खोटं नाही. ऑपरेशनआधी स्वतःचं रक्त काढून ठेवता येतं. पण बहुतेक रुग्णांनी ते करू नये असं माझं स्पष्ट मत आहे, आणि थोड्या रुग्णांनी मात्र त्याबद्दल आग्रहाने विचारलं पाहिजे. आपण यांतल्या कोणत्या गटात बसतो, हे कळण्यापुरतं गणित इथे मांडतो.

नेमकं काय करतात?

याला वैद्यकीय भाषेत ऑटोलॉगस रक्तदान म्हणतात. आपण स्वरक्तदान म्हणू. ऑपरेशन आधीच ठरलेलं असेल, तर साधारण महिनाभर आधीपासून रुग्णाचं रक्त एक किंवा दोन वेळा काढतात. दोन वेळांमध्ये सहसा किमान आठवड्याचं अंतर असतं. पिशवीवर रुग्णाचं नाव आणि क्रमांक घालून ती रक्तपेढीच्या शीतकपाटात 2 ते 6 अंश तापमानात ठेवतात. ऑपरेशनच्या वेळी गरज पडली तर तीच पिशवी त्याला चढवतात.

नेहमीच्या रक्तदात्याचं हिमोग्लोबिन, म्हणजे रक्तातला प्राणवायू वाहून नेणारा लाल घटक, किमान 12.5 ग्रॅम लागतं. स्वरक्तदानासाठी ही अट 11 पर्यंत सैल केलेली आहे. वयाची 65 वर्षांची मर्यादाही इथे काटेकोर नसते, कारण रक्त दुसऱ्या कुणाला द्यायचं नसतं. शेवटची पिशवी ऑपरेशनच्या किमान 72 तास आधी काढून झालेली असावी लागते. अंगात ताप किंवा जंतुसंसर्ग असेल, हृदयाची झडप आकुंचन पावलेली असेल, नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल, तर हा प्रकार करत नाहीत.

ही कल्पना कुठून आली?

भीतीतून आली, आणि ती भीती खरी होती. 1980 च्या दशकात एड्सचा विषाणू रक्तातून पसरतो हे उघड झालं, तेव्हा तो ओळखण्याची चाचणी सुरुवातीला नव्हतीच. अमेरिकेत सांधे बदलणाऱ्या रुग्णांनी स्वतःचं रक्त साठवायला सुरुवात केली आणि बघता बघता ती रीत झाली. आपल्याकडे रक्ताच्या पिशवीची एचआयव्ही चाचणी 1989 मध्ये सक्तीची झाली. त्या काळात पैसे घेऊन रक्त विकणारे लोकही होते. सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये दिलेल्या निकालानंतर 1 जानेवारी 1998 पासून रक्त विकण्यावर पूर्ण बंदी आली.

आज प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, कावीळ ब, कावीळ क, गुप्तरोग आणि मलेरिया यांसाठी तपासणी करावीच लागते. काही रक्तपेढ्या त्यापुढे जाऊन नॅट नावाची चाचणी करतात. ती विषाणूचा अंश थेट शोधते, त्यामुळे ताजी लागण लवकर सापडते. धोका शून्यावर आलेला नाही. पण ज्या काळात स्वरक्तदानाची लाट आली, तो काळ आता राहिलेला नाही. अमेरिका-युरोपात ही पद्धत खूपच मागे पडली. काढून ठेवलेल्या पिशव्यांपैकी बऱ्याच न वापरता फेकाव्या लागत होत्या, हेही त्याचं एक कारण.

विहीर आणि पिंप

आता मूळ मुद्दा. फाल्गुन-चैत्रात विहिरीने तळ गाठायला सुरुवात केली, की आपण पाणी उपसून पिंपात भरून ठेवतो. झरे जोरात असतील तर उपसलेलं पाणी रात्रीत भरून येतं आणि पिंपातलं पाणी हा खरा जादा साठा होतो. झरे बारीक असतील तर काय होतं? विहीर तेवढीच खाली गेलेली असते. घरातलं एकूण पाणी वाढलेलं नसतं, फक्त त्याची जागा बदललेली असते.

शरीरातला झरा म्हणजे हाडांच्या पोकळीतला मगज, जिथे रक्तपेशी तयार होतात. रक्त काढल्यावर त्यातला पातळ भाग एक-दोन दिवसांत भरून निघतो, म्हणून माणसाला बरं वाटतं आणि "रक्त भरलं" असा समज होतो. पण लाल पेशी भरायला कित्येक आठवडे लागतात. त्यासाठी लोह लागतं. 350 मिलीच्या एका पिशवीबरोबर सुमारे 150 मिलिग्रॅम लोह निघून जातं, आणि रोजच्या जेवणातून शरीर जेमतेम 1 ते 2 मिलिग्रॅम लोह शोषतं. ज्या बाईच्या शरीरात लोहाचा साठाच नाही, तिच्या विहिरीचा झरा बारीक आहे.

आकडे घालून पाहू. साठ किलो वजनाच्या बाईच्या शरीरात साधारण 4 लिटर रक्त असतं. तिचं हिमोग्लोबिन 12.5 आहे असं समजा. गुडघा बदलताना आणि नंतरच्या दोन-तीन दिवसांत, दिसणारा आणि आत मुरणारा मिळून 1 लिटर रक्तस्राव झाला, तर ती सुमारे 9.7 वर येते. थकवा येईल, पण एवढ्यावर बहुतेकांना रक्त चढवावं लागत नाही.

आता त्याच बाईने आधी दोन पिशव्या काढून ठेवल्या आणि मधल्या काळात काहीच भरून निघालं नाही असं धरा. ऑपरेशनच्या टेबलावर ती जाते तीच 10.4 घेऊन. तेवढाच रक्तस्राव झाला की ती 8.1 वर येते. आता रक्त चढवण्याचा विचार करावाच लागतो, आणि तिची पिशवी तिला दिली जाते. घरचे म्हणतात, "बरं झालं काढून ठेवलं!" पण काढून ठेवलं नसतं तर कदाचित ते लागलंच नसतं.

प्रत्यक्षात महिनाभरात थोडंफार भरून निघतं, त्यामुळे चित्र इतकं टोकाचं नसतं. तरी दिशा हीच राहते. स्वरक्तदान केलेल्यांना दुसऱ्याचं रक्त कमी लागतं, पण एकूण रक्त चढवण्याची वेळ त्यांच्यावर जास्त येते. हे अनेक अभ्यासांत दिसलेलं आहे.

"स्वतःचं रक्त म्हणजे धोका शून्य, नाही का?"

नाही. दुसऱ्याकडून येणारा विषाणू टळतो, हे खरं. बाकीचे धोके तसेच राहतात. रक्त चढवताना होणाऱ्या गंभीर घटनांमध्ये एका साध्या चुकीचा मोठा वाटा असतो: एकाची पिशवी दुसऱ्याला लागणं. तुमच्या नावाची पिशवी शीतकपाटात असली तरी हातात येणारी पिशवी तीच आहे हे कुणीतरी तपासावंच लागतं. काढताना त्वचेवरचे जंतू पिशवीत गेले तर ते तुमच्या रक्तातही वाढतात. काही जंतू तर थंडीतही वाढतात. आणि वयस्क माणसाला गरज नसताना पिशवी चढवली तर हृदयावर भार येऊन धाप लागू शकते. "आपलंच तर आहे, काढलंय तर देऊन टाकू" हा विचार म्हणूनच बरोबर नाही.

"मग मुलाचं किंवा भावाचं रक्त द्यावं?"

हा प्रश्न प्रेमातून येतो, त्यामुळे त्याचं उत्तर सांगताना मला नेहमी जड जातं. सख्ख्या नातेवाइकाचं रक्त जास्त सुरक्षित नसतं. एका बाबतीत ते जास्त धोक्याचं असतं. नात्यातल्या पेशी इतक्या मिळत्याजुळत्या असू शकतात की रुग्णाचं शरीर त्यांना परकं म्हणून ओळखतच नाही. मग दात्याच्या पांढऱ्या पेशी आत टिकून राहतात आणि उलट रुग्णाच्याच शरीरावर हल्ला करतात. हे अगदी क्वचित घडतं, पण घडलं तर जवळजवळ नेहमीच जिवावर बेततं. टाळण्यासाठी अशा पिशवीवर किरणांचा मारा करावा लागतो, आणि ती सोय प्रत्येक ठिकाणी नसते.

मुलाने रक्त द्यावंच, जरूर द्यावं. ते रक्तपेढीतल्या दुसऱ्या कुणासाठी जाऊ दे. आईसाठी अनोळखी माणसाने स्वेच्छेने दिलेली, तपासलेली पिशवी येऊ दे. ज्याने कुठल्याही दडपणाशिवाय शिबिरात रक्त दिलं, त्याला आपली माहिती लपवण्याचं कारण नसतं. घरच्या माणसाला मात्र सगळ्यांसमोर "मला देता येणार नाही" म्हणणं अवघड जातं.

तारीख पुढे गेली तर?

नेहमीच्या पिशवीत ठेवलेलं रक्त 35 दिवस टिकतं. लाल पेशी वेगळ्या काढून पोषक द्रावणात ठेवल्या तर 42 दिवस. त्यानंतर पिशवी टाकून द्यावी लागते. ऑपरेशनची तारीख मात्र अनेक कारणांनी सरकते. रुग्णाला ताप येतो, लघवीच्या तपासणीत संसर्ग निघतो, साखर वाढलेली असते, दाताला पू झालेला असतो. सांधा बदलताना शरीरात कुठेही संसर्ग चालत नाही, त्यामुळे डॉक्टर योग्य कारणानेच थांबवतात.

आपल्याकडे यात वाट आणि पाऊस यांची भर पडते. स्वतःचं रक्त जिथे ऑपरेशन आहे तिथल्याच, किंवा त्या रुग्णालयाशी जोडलेल्या रक्तपेढीत द्यावं लागतं. देवगडच्या बाईचं ऑपरेशन कोल्हापूरला असेल तर रक्त देण्यासाठी दुखऱ्या गुडघ्याने एक-दोनदा घाट चढून जायचं आणि पुन्हा ऑपरेशनला जायचं. आषाढात दरड कोसळून घाट बंद झाला तर सगळंच वेळापत्रक कोलमडतं. 22 जुलै 2021 ला चिपळूण पाण्याखाली गेलं, तेव्हा माणसंच अडकून पडली होती. न वापरलेली पिशवी दुसऱ्याच्या कामी येईल म्हणावं, तर तेही सहसा होत नाही. तिच्या मालकाने नेहमीच्या रक्तदात्याच्या सगळ्या अटी पूर्ण केलेल्या नसतात.

मुळात रक्त लागतं किती?

वीस-तीस वर्षांपूर्वी हिमोग्लोबिन 10 च्या खाली गेलं की रक्त चढवायचं, असा शिरस्ता होता. 2011 मध्ये अमेरिका आणि कॅनडातल्या 2016 रुग्णांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. खुब्याचं हाड मोडलेले, वय झालेले, हृदयविकार असलेले किंवा त्याचा धोका असलेले हे रुग्ण. अर्ध्यांना 10 च्या खाली गेल्यावर रक्त दिलं, अर्ध्यांना 8 पर्यंत थांबून किंवा त्रास दिसला तरच. दोन महिन्यांनी मृत्यूंत फरक नव्हता आणि कुणाच्या आधाराशिवाय खोलीभर चालता येण्यातही नव्हता. आता हाडांच्या ऑपरेशननंतर साधारण 8 ही मर्यादा मानतात.

दुसरा बदल एका जुन्या, स्वस्त औषधाने घडवला. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड हे औषध 1962 मध्ये जपानमध्ये उताको आणि शोसुके ओकामोतो या दांपत्याच्या संशोधनातून पुढे आलं. पाळीत जास्त अंगावर जातं म्हणून ज्या गोळ्या देतात, त्यांत हेच असतं. जखमेवर धरलेली रक्ताची गाठ लवकर विरघळू नये, एवढंच त्याचं काम. ऑपरेशनच्या वेळी ते शिरेतून किंवा सांध्यात दिलं की रक्तस्राव बराच कमी होतो. ज्यांना पूर्वी फिट्स आल्या आहेत किंवा नुकत्याच रक्ताच्या गुठळ्या झाल्या आहेत, त्यांच्याबाबत डॉक्टर वेगळा विचार करतात.

"मग डॉक्टर दोन पिशव्या कशाला मागतात?" हाताशी असाव्यात म्हणून. सोय करून ठेवणं म्हणजे चढवणं नव्हे. रक्त विकलं जात नाही, तपासणी आणि साठवणुकीचा खर्च घेतला जातो. राष्ट्रीय रक्त संक्रमण परिषदेच्या 2022 च्या दरांप्रमाणे खासगी रक्तपेढीत पिशवीला जास्तीत जास्त 1550 रुपये, आणि नॅटसारखी जादा चाचणी केली असेल तर तिचे वेगळे. नुसती राखून ठेवलेली आणि न लागलेली पिशवी रक्तपेढीतच राहते.

खरी तयारी महिना-दीड महिना आधी सुरू होते

मला सगळ्यात कळकळीने सांगायचं आहे ते हेच. तारीख ठरते त्या दिवशीच हिमोग्लोबिन तपासून घ्या. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तपासून उपयोग नसतो, कारण तेव्हा ते वाढवायला वेळ उरत नाही. बाईचं 12 च्या खाली आणि पुरुषाचं 13 च्या खाली असेल तर त्याला रक्तक्षय म्हणतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, 2019 ते 21 या काळात, महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आढळला. गुडघे बदलायला येणाऱ्या बायका याहून मोठ्या असतात, पण त्या याच आयुष्यातून पुढे आलेल्या असतात.

फक्त "रक्त कमी आहे" एवढ्यावर थांबू नका. का कमी आहे, ते विचारा. गुडघेदुखीसाठी वर्षानुवर्षं घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या जठरात बारीक जखमा करतात आणि तिथून कळत नकळत रक्त जात राहतं. म्हणजे ज्या गुडघ्यासाठी ऑपरेशन आहे, त्याच गुडघ्याच्या गोळ्यांनी विहीर आटवलेली असते. शेताच्या ओल्या मातीत अनवाणी काम करणाऱ्यांच्या तळव्यांतून हुकवर्म नावाचे जंत शरीरात शिरतात आणि आतड्यात रक्त पितात. मूळव्याध असते. मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी बरीच वर्षं घेतली की बी-12 कमी होऊ शकतं. मूत्रपिंडाचा विकार असू शकतो. उतारवयात लोह कमी असेल तर आतड्यात गाठ नाही ना, हेही बघावं लागतं. कारण सापडलं तर ऑपरेशनच्याही पलीकडचा फायदा आहे.

लोहाचा साठा किती आहे हे फेरिटिन या तपासणीतून कळतं. साठा कमी असेल आणि हाताशी सहा-आठ आठवडे असतील तर गोळ्या पुरतात. त्या चहाबरोबर घेऊ नका. चहातल्या घटकांमुळे लोह नीट शोषलं जात नाही, आणि आपल्याकडे सकाळची गोळी चहाच्या कपाबरोबरच घेतली जाते. तासभर आधी घ्या, लिंबू पिळलेलं पाणी चालेल. शौचाला काळी झाली तर ती गोळीमुळे असते. पण गोळी सुरू नसताना काळी होत असेल तर ताबडतोब डॉक्टरांना सांगा. वेळ कमी असेल किंवा गोळ्या सोसत नसतील, तर शिरेतून लोह देता येतं. काही प्रकारांत एका वेळी 1000 मिलिग्रॅमपर्यंत देतात. त्यासाठी दवाखान्यात अर्धा दिवस काढावा लागतो, इतकंच.

बीट आणि गूळ खाऊन पंधरा दिवसांत हिमोग्लोबिन दोनने वाढवू, असं कुणी सांगितलं तर त्यावर विसंबू नका. मासे, हिरव्या पालेभाज्या, कुळीथ, नाचणी खावीच. पण आधीच रिकामा झालेला साठा एवढ्या वेळात नुसत्या जेवणाने भरत नाही.

ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारी दुसरी गोळी चालू असेल तर ती आपल्या मनाने बंद करू नका आणि चालूही ठेवू नका. हृदयाचे डॉक्टर आणि हाडांचे डॉक्टर यांचं एकमेकांशी बोलणं होऊ द्या.

आग्रहाने विचारावं अशांनी

एवढं सगळं वाचून स्वरक्तदान निरुपयोगी आहे असं वाटलं असेल, तर थांबा. काही जणांसाठी ते फार मोलाचं आहे.

1952 मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत एक वेगळाच रक्तगट नोंदवला. तो जगभर बॉम्बे रक्तगट म्हणून ओळखला जातो. साध्या तपासणीत तो ओ गटासारखा दिसतो, पण या माणसाला ओ गटाचं रक्तसुद्धा चालत नाही. त्याला फक्त बॉम्बे गटाचंच रक्त द्यावं लागतं. भारतात अंदाजे दहा हजारांत एक असं त्याचं प्रमाण सांगतात, म्हणजे असा दाता शोधायला जिल्हे पालथे घालावे लागतात. अशा माणसाचा खुबा बदलायचा असेल आणि हिमोग्लोबिन चांगलं असेल, तर स्वतःचं रक्त काढून ठेवणं हा शहाणपणाचा मार्ग आहे. सोबत लोह द्यायचं, वेळ पुरेसा ठेवायचा.

दुसरा गट आहे पूर्वी बऱ्याच वेळा रक्त चढवलेल्यांचा, किंवा अनेक बाळंतपणं झालेल्या बायकांचा. यांच्यापैकी काहींच्या शरीरात दुसऱ्याच्या रक्ताविरुद्ध प्रतिद्रव्यं, म्हणजे अँटीबॉडी, तयार झालेली असतात आणि जुळणारी पिशवी मिळता मिळत नाही. तिसरा गट मोठ्या रक्तस्रावाच्या ऑपरेशनांचा: वाकलेल्या पाठीच्या कण्याची शस्त्रक्रिया, कटीच्या हाडांची शस्त्रक्रिया, एकदा बदललेला खुबा पुन्हा बदलणं. इथे तरुण, तब्येतीने भक्कम रुग्णांची विहीर जोरात भरते. जपानमध्ये अशा रुग्णांसाठी ही पद्धत बरीच वापरली जाते. मोठ्या रुग्णालयांत आणखी एक सोय असते: ऑपरेशन चालू असताना सांडणारं रक्त यंत्राने ओढून, धुऊन, तिथल्या तिथे परत देणं. पूर्वी रक्त घेतल्यावर थंडी वाजून ताप आला होता, कावीळ झाली होती किंवा "तुमचं रक्त जुळत नाही" असं कुणी म्हटलं होतं, तर ते ऑपरेशनच्या डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा. रक्तपेढीने तेव्हा दिलेला जुळणीचा कागद सापडला तर तो फाइलमध्ये सगळ्यात वर लावा. दहा वर्षांपूर्वी दिसलेली प्रतिद्रव्यं आजच्या तपासणीत दिसतीलच असं नसतं, पण त्या गटाची पिशवी पुन्हा चढवली तर ती काही दिवसांत परत जागी होतात.